शेऱ्याचा रकाना

पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमच्या गिर्यारोहण मंडळाचे भांडार होते आणि त्या भांडाराची किल्ली सत्तावीस वर्षे माझ्यापाशी होती. दिवसा कचेरीत दप्तर सांभाळावे आणि सायंकाळी सात ते नऊ या वेळात दोर, तंबू, स्टोव्ह व स्लीपिंग बॅगा यांची देवघेव पाहावी, असा माझा शिरस्ता असे. कचेरीतल्या सवयीने मी भांडारालाही एक नोंदवही घातली होती: अनुक्रमांक, जिन्नस, नेणाऱ्याचे नाव, ठिकाण, नेल्याची व परत केल्याची तारीख, आणि शेवटी शेरा. हा शेवटचा रकाना प्रथम मी केवळ चेन तुटली, शिवण उसवली, पिशवी गहाळ झाली अशा नुकसानीच्या नोंदींसाठी आखला होता. परंतु पुढे माझ्या ध्यानात आले की, डोंगरावर रात्र काढून आलेला मनुष्य वस्तूविषयी लिहिताना नकळत स्वतःविषयी लिहीत असतो, आणि कोणत्या ऋतूत कोणाला कोणती बॅग द्यावी याचे जे काही ज्ञान मला झाले, ते बव्हंशी त्या अरुंद रकान्यातून झाले.

भांडारात बॅगा होत्या एकंदर बेचाळीस. पुष्कळशा चौकोनी, कृत्रिम तंतू भरलेल्या, ज्यांना सगळे ‘हॉलोफिल’ म्हणत. काही त्याच तंतूंच्या, पण पायांकडे निमुळत्या होत गेलेल्या आणि डोक्याला टोपडे असलेल्या ‘ममी’ घाटाच्या. आणि नऊ बॅगा बदकाहंसांच्या पिसांच्या, ज्यांना आमच्या बोलीत ‘फेदर’ एवढेच नाव होते. या नऊ मी कपाटात कोंबून न ठेवता मोठाल्या सुती खोळींत सैल भरून खुंट्यांना टांगीत असे, कारण महिनोन्‌महिने दाबून ठेवलेले पीस एकदा फुगण्याचे विसरले म्हणजे त्याला ते पुन्हा शिकविता येत नाही.

नवखा मनुष्य बहुधा एकच मागणी घेऊन येई: “काका, सर्वांत गरम असेल ती द्या.” या मागणीत मला त्याचा दोष कधी दिसला नाही, थंडीचे भय हे फार जुने भय आहे आणि आईने पाठविलेल्या मुलाच्या तोंडी तर ते तिचेच असते. पण ‘गरम बॅग’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. बॅगेत ऊब मुळीच नसते. चुलीतला निखारा रात्री राखेखाली झाकून ठेवावा आणि पहाटे राख सारताच तो पुन्हा लाल दिसावा, तसा हा प्रकार आहे. निखारा आपला देह, आणि बॅग ही केवळ राख. निखाराच विझत आलेला असेल तर राखेचे ढीग घालून काय उपयोग, आणि तो धगधगत असताना वर फार राख लोटली तरी काय होते, हे दोन्ही प्रकार मी पाहिले.

दुसरा प्रकार आधी सांगतो, कारण तो आपल्या सह्याद्रीत नित्य घडणारा आहे. महाविद्यालयात शिकणारा एक धडधाकट मुलगा डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर जाण्यासाठी आला आणि खुंटीवरची सर्वांत फुगीर फेदर बॅग मागू लागला. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर. दर हजार मीटर चढले की हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी गार होते, हा ढोबळ हिशेब धरला आणि त्यात डिसेंबरातील निरभ्र आकाशाची भर घातली, तरी गडावरची रात्र पाचसात अंशांच्या फारशी खाली जात नाही. मी त्याला हे सांगितले. पण तो आर्जवी होता आणि मी त्या काळी कामात नवा होतो, म्हणून बॅग दिली. सोमवारी ती परत आली तेव्हा मी रीतीप्रमाणे आत हात घातला, तो पाठीच्या जागी ओल लागली. झाले होते असे की, दिवसभराचे चढणे, त्यावर पिठलेभाताचे जेवण आणि अंगात स्वेटर अशा थाटात तो उणे दहाच्या बॅगेत शिरला. मध्यरात्रीपर्यंत घामाने न्हाला. मग कासावीस होऊन त्याने चेन सगळी उघडली आणि भिजल्या अंगाने उघड्यावर पडून राहिला. आणि पहाटे तीनच्या पुढे, जेव्हा रात्र खरोखर गार होते, तेव्हा ती ओली बॅग पुन्हा ओढून घेऊन कुडकुडत बसला. शेऱ्याच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते: “आधी उकडले, मग थंडी वाजली.” पाच शब्दांत त्याने सगळे शास्त्र सांगितले. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दहा अंशांच्या आसपास सुखाने झोपविणारी साधी हॉलोफिल बॅग पुरते; चैत्रवैशाखात तर सुती चादरीची शिवलेली खोळ घेऊन निघावे, आणि उरलेला भार पाण्याच्या बाटल्यांना द्यावा.

या पिसाविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण इतकी सुंदर वस्तू त्या भांडारात दुसरी नव्हती. एकदा ठिणगी पडून भोक पडलेल्या बॅगेला ठिगळ लावीत असता आतून एक पुंजका निसटला आणि दिव्याच्या उजेडात तरंगू लागला. पीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मध्ये काडी आणि दोन्ही अंगांस केस असे काही येते. हे तसे नव्हते. याला काडी नव्हतीच. एका सूक्ष्म बिंदूपासून सर्व दिशांना शेकडो तंतू फाकलेले, आणि त्या तंतूंना पुन्हा तंतू. काटेसावरीचे बोंड उकलल्यावर वाऱ्यावर जी म्हातारी उडत येते आणि जिच्यामागे मुले धावतात, तिची ही पाणपक्ष्याच्या पोटाखालची बहीण. मी ती तळहातावर घेतली तेव्हा वजन लागेना. पण हाताच्या त्या जागेला क्षणभराने ऊब मात्र जाणवू लागली. या तंतूंच्या जाळ्यात हवा अडकून पडते, तिला हलता येत नाही, आणि न हलणारी हवा हीच उबेची खरी रखवालदार. पिसाचा दर्जा ठरविण्याची रीतही यावरच उभी आहे: एक औंस, म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम, पीस नळकांड्यात मोकळे सोडले असता किती घन इंच जागा व्यापते, ते मोजावयाचे. साडेपाचशे भरले तर बरे, सातशे-आठशे भरले तर उत्तम. म्हणजे किंमत पिसाची नव्हे, त्याने अडवून धरलेल्या हवेची.

आणि म्हणूनच पाणी लागले की सारे संपते. तंतू एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते, आणि दोन हात फुगलेली बॅग ओल्या बोळ्यासारखी होते. पावसाळ्यात फेदर बॅग द्यावयाची नाही, हा माझा नियम एका जून महिन्याने केला. तोरण्याहून राजगडाकडे जाणाऱ्या सोंडेवर आमच्यापैकी सहाजण पावसात सापडले. सॅकवरचे आच्छादन वाऱ्याने उडाले, प्लास्टिकच्या पिशवीला कोठेतरी काट्याने भोक पडले, आणि रात्री एका धनगराच्या झापात बॅग सोडली तेव्हा तिच्यातून पाणी निथळत होते. ज्याची बॅग, तो त्या रात्री धनगराच्या घोंगडीत झोपला. ती घोंगडीही दिवसभर पावसात हिंडून आली होती. चिंचोक्याची खळ दिलेली, ताठ, लोकरीच्या आणि धुराच्या वासाची. घरच्या म्हाताऱ्याने ती दोनदा झटकली, चुलीपाशी थोडी धरली आणि “घ्या, ही भिजली तरी सोडीत नाही” असे म्हणून त्याच्या अंगावर टाकली. लोकर ओली झाली तरी आपली ऊब सर्वस्वी टाकीत नाही. कृत्रिम तंतूही, पाणी अंगात मुरवून घेत नसल्यामुळे, पिळून झटकले असता पुन्हा बऱ्यापैकी फुगतात. यास्तव आषाढ-श्रावणात हॉलोफिल, मग ती कितीही अवजड असो. घोंगडीची खोळ करून भर पावसात मेंढरांमागे उभ्या राहणाऱ्या माणसाजवळ हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आणि आम्ही ते एक महागडी बॅग भिजवून मिळविले.

बाहेरच्या पाण्याचे भय सर्वांना असते; आतल्या पाण्याचे फार थोड्यांना. १९११ च्या दक्षिण ध्रुवीय हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले. पाच आठवड्यांच्या त्या प्रवासात थंडी उणे साठ अंशांपर्यंत गेली, आणि त्यांच्याच श्वासाची व घामाची वाफ रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगांत गोठत राहिल्याने परत येईपर्यंत त्या बॅगांचे वजन दुपटीहून अधिक झाले होते. रोज रात्री त्या बर्फाच्या फळीत अंग घालावयाचे म्हणजे आधी ती अंगाच्या उबेने वितळवीत वाट काढावी लागे. चेरी-गॅरार्डचा वृत्तान्त वाचल्यापासून मी लेह-लडाखकडे जाणाऱ्या प्रत्येकाला निक्षून सांगत असे की, टोपड्याची दोरी ओढून तोंडापुरती फट ठेवा आणि श्वास बाहेर सोडा; नाक गारठते म्हणून डोके आत घेऊ नका; आणि सकाळी ऊन येताच बॅग उलटी करून तंबूवर पसरा. लडाखची हवा कोरडी, म्हणून तेथे फेदरसारखे दुसरे काही नाही. परंतु त्या कोरड्या मुलुखातही मनुष्य आपले पाणी आपल्याबरोबर नेतो.

आता माझ्या हातून जी चूक झाली ती सांगतो. १९९० नंतरच्या एका ऑक्टोबरात मंडळाची एक तुकडी गंगोत्रीहून गोमुखाकडे निघाली. तीत एका प्राथमिक शाळेतील शिक्षिका होत्या. सडपातळ, अबोल, हिमालयात प्रथमच जाणाऱ्या. मुक्काम भोजबासाला, उंची सुमारे ३८०० मीटर, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याच्या खाली जाणार हे ठाऊक होते. मी वहीत पाहिले, उणे पाच असा आकडा छापलेली एक चांगली बॅग त्यांच्या नावे टाकली, सही घेतली, आणि माझे कर्तव्य पार पडले असे समजलो. कॅरीमॅटा त्या दिवशी अपुऱ्या होत्या. तुकडीतल्या जुन्या मंडळींना त्या आधी गेल्या आणि बाईंच्या वाट्याला एक झिजलेली, अर्ध्या इंचाची पाव इंच झालेली मॅट आली. हे मला दिसले होते. दिसूनही मी ते क्षुल्लक मानले.

तीन आठवड्यांनी बाई स्वतः बॅग घेऊन आल्या. नीट वाळविलेली, घडी न घालता पिशवीत सैल भरलेली. प्रवास कसा झाला म्हणून विचारले तेव्हा “छान झाला” म्हणाल्या, वही पुढे ओढली, शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिले आणि नमस्कार करून गेल्या. रात्री कुलूप घालण्यापूर्वी मी ते वाचले. वळणदार, शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरांत लिहिले होते: “बॅग उत्तम आहे. तीन रात्री जागी होते. थंडी खालून येत होती.”

त्यात तक्रारीचा स्वर नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला फार लागले. एखाद्याने भांडण केले असते तर मी छापील आकडा त्याच्यापुढे धरला असता. हे विधान होते. त्याला उत्तर एकच, ते खरे आहे की नाही हे पाहणे. त्या पौषात एका रात्री मी तीच बॅग घेऊन वाड्याच्या गच्चीत शहाबादी फरशीवर निव्वळ तशीच अंथरली आणि झोपलो. पुण्याची थंडी ती, आठनऊ अंशांची. बॅग उणे पाचची. अर्ध्या तासात खांदे आणि कंबर गार पडली. वर हात फिरवावा तो बॅग टम्म फुगलेली, उबदार. पाठीखाली हात सारावा तो दोन कापडे एकमेकांना चिकटलेली, मध्ये नाव घेण्याजोगे काही नाही. माझ्याच भाराने खालची हवा हुसकून लावली होती. मग ती झिजकी मॅट घातली, तासभर पडलो. मग नवी, आणि पहाटे दोन एकावर एक. उजाडेपर्यंत बाईंच्या तीन रात्रींपैकी एक मी, हिमालयाची थंडी वगळून, पुरती समजून घेतली. अंथरूण हे पांघरुणाचे अर्धे अंग आहे, हे आमच्या आज्ज्यांना ठाऊक होते. त्या गोधडी अंगावर घेण्यापूर्वी खाली वाकळ घालीत. त्या दिवसापासून मॅट न घेणाऱ्याला बॅग द्यावयाची नाही, असा हुकूम मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला, आणि मॅटा झिजल्या की त्या रद्द करण्याची मंजुरी मंडळाकडून दरवर्षी भांडून घेऊ लागलो.

पण चूक मॅटपुरती नव्हती. तो उणे पाचचा आकडा कोणासाठी, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. त्या काळी प्रत्येक कारखानदार आपल्या मताने आकडा छापी. २००२ साली युरोपात एक मानक ठरले आणि ऊब दिलेल्या, माणसाच्या आकाराच्या पुतळ्याला बॅगेत निजवून मोजमाप होऊ लागले. पुढे २०१६ मध्ये तेच आंतरराष्ट्रीय झाले. त्याप्रमाणे बॅगेवर तीन आकडे येतात. पहिला ‘कम्फर्ट’: साठ किलो वजनाची प्रमाण स्त्री ज्या थंडीत सैल अंगाने सुखाने झोपू शकेल तो. दुसरा ‘लिमिट’: त्र्याहत्तर किलो वजनाचा प्रमाण पुरुष ज्या थंडीत अंग आखडून का होईना रात्र निभावील तो. तिसरा ‘एक्स्ट्रीम’: ज्या थंडीत ती स्त्री सहा तास केवळ जीव तगवून राहील तो. दुकानदार दर्शनी भागावर या तिहींपैकी बहुधा मोठा दिसणारा आकडा मांडतात, आणि घेणारा तोच आपल्या सुखाचा समजतो. हे तीन आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला त्या बाई आठवल्या. चाळीस-पंचेचाळीस किलोंचा त्यांचा देह, आणि मी त्यांच्या हाती दिलेला कोणा तगड्या पुरुषाचा आकडा.

म्हणून मी विचारू लागलो. रात्री पाय गार पडतात का? घरी पंखा लावून झोपता की बंद करून? झोपेत अंगाची जुडी करता का? असे असेल तर ममी घाटाची अरुंद बॅग सोसणार नाही, गुडघे भिंतीला टेकतील आणि तेथला भराव दबेल. आणि चौकोनी दिली तर आतली रिकामी जागाही तुमच्याच अंगाला तापवावी लागेल, म्हणून पायांकडे उद्याचे कोरडे कपडे भरून ठेवा. रात्री काय खाता? भूक नाही म्हणून उपाशी झोपू नका, निजण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा तोंडात टाका, तंबूभोवती चार फेऱ्या मारा आणि अंगात ऊब आली की मग आत शिरा. पहिल्या पहिल्याने लोकांना हे प्रश्न विचित्र वाटत. बॅग मागावयास यावे आणि वैद्याने नाडी धरावी तसे व्हावे, असा भाव त्यांच्या मुद्रेवर दिसे. उत्तरे देताना मात्र ती आपल्याविषयी असे काही सांगत, जे त्यांनी आपल्या घरच्या मंडळींनाही कधी सांगितले नसावे. एका निवृत्त गृहस्थांनी सांगितले होते की, पत्नी गेल्यापासून त्यांना पहाटे थंडी वाजते. मी त्यांना ठरविलेल्या बॅगेच्या जोडीला आत घालावयास एक लोकरीची खोळ दिली आणि नोंद केवळ “खोळ एक” अशी केली.

धुलाईविषयी थोडेच लिहितो. फेदर बॅग वर्षातून एकदाच, सौम्य साबणाने, टबात पायांनी हलके तुडवून धुवावी. ओली असता तिला एका टोकाला धरून कधी उचलू नये, पाण्याच्या भाराने आतले पडदे फाटतात. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या मुलाला उचलतात तसे दोन्ही हात खाली घालून उचलावे, आणि सावलीत, दर दोन तासांनी बोटांनी गोळे फोडीत, तीन-चार दिवस वाळवावी. हे काम मी दिवाळीच्या सुटीत करीत असे. गच्चीभर नऊ बॅगा पसरलेल्या, आणि संध्याकाळी त्या एकेक करून पुन्हा फुगू लागत, तो देखावा मला फार आवडे.

वय झाले, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा किल्ली देण्याची वेळ आली. जी मुलगी पुढे भांडार पाहू लागली तिने सर्व नोंदी संगणकावर घेतल्या. जिन्नस, नग, तारखा एका आठवड्यात उतरल्या. शेरे उतरवावयास तिला दोन महिने लागले, कारण ती ते वाचीत बसे. बाईंच्या शेऱ्यापाशी येऊन तिने मला दूरध्वनी केला आणि ही हकीकत विचारली. मी सांगितली.

मागच्या मार्गशीर्षात सहज म्हणून मी वाड्यावर गेलो होतो. एक सोळासतरा वर्षांचा मुलगा रतनगडासाठी बॅग मागत होता आणि अर्थातच सर्वांत गरम असेल तीच मागत होता. भांडार पाहणारी ती मुलगी वहीत डोके घालून, वर न पाहता म्हणाली, “रात्री पाय गार पडतात का रे तुझे?”

मुलगा गोंधळला. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले, थोडा विचार केला आणि हळूच म्हणाला, “आई म्हणते, पडतात.”

“मग मोजे दोन जोड घे,” ती म्हणाली, आणि मॅटा काढावयास आत गेली.